निरंक

काल रात्री फोनवर तू किती खुशीत होतीस! "ताई, बायोसेफ्टीचं काम माझ्याकडे आलं. तीन वर्षांचं अपघात रजिस्टर काढलं, तर पानोपानी निरंक. आधीच्या मॅडमनी काय टापटीप ठेवलंय बघ!" मी नुसतं हं हं करत राहिले. तुझे भावोजी शेजारी बातम्या बघत बसले होते, आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आज दुपारी निवांत लिहायला बसले आहे. चहा घे आणि सावकाश वाच.

खरं सांगू? ते 'निरंक' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. दिवसाला दीड-दोनशे रक्ताचे नमुने, शिवाय थुंकीचे, टीबी कल्चरची वेगळी खोली, आणि झाडूपोछा करणाऱ्या मावशींपासून डॉक्टरांपर्यंत तेवीस माणसं. तीन वर्षांत कुणालाच सुई टोचली नाही? सेंट्रिफ्यूजमध्ये एक ट्यूब तडकली नाही? कुणाच्या हातून थुंकीची एक डबी निसटली नाही? अगं, आपल्या चौघांच्या घरात तीन वर्षं एक कप फुटला नाही, असं कधी झालंय का?

आता तुला म्हणून सांगते. आईलाही हे अजून माहीत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीतला चौथा महिना. संध्याकाळची वेळ, शेवटचा पेशंट. रक्त काढलं आणि सवयीने सुईला टोपण लावायला गेले. टोपण हुकलं, सुई डाव्या तर्जनीत. ग्लव्ह काढला तर रक्ताचा एवढासा ठिपका. पेशंटच्या कागदावर काविळीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. माझी हेपॅटायटिस बी ची लस झालेली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण आठच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका मुलीला अशीच सुई टोचली, तर आमच्या साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. "हात जागेवर नसतात का तुमचे?" ते वाक्य माझ्या कानात होतं. मी हात धुतले, नवा ग्लव्ह चढवला आणि गप्प राहिले.

महिनाअखेरीला रजिस्टर भरायची पाळी नेमकी माझी. मी माझ्या हाताने लिहिलं, निरंक.

पुढे तीन महिने मी धड जेवले नाही. आई म्हणायची, नोकरी झेपत नाहीये का गं? शेवटी दुसऱ्या गावी जाऊन, दुसऱ्याच लॅबमध्ये तपासणी केली. काही निघालं नाही, नशीब. पण नंतर जेव्हा आकडे वाचले, तेव्हा घाम फुटला. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हेपॅटायटिस बी चं तसं नाही. लस न घेतलेल्याला ती शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जमलं तर पहिल्या दोन तासांतच. ते सगळे तास मी लाजेपायी घालवले. आणि रजिस्टर मात्र स्वच्छ.

म्हणून तुझ्या रजिस्टरबद्दल ऐकून मी तुझ्या मॅडमचं कौतुक करू शकले नाही. त्या वाईट होत्या असं नाही. पण त्या तीन वर्षांत एकही अपघात झाला नाही की कुणी सांगितला नाही, हे त्या पानांवरून कळायला मार्गच नाही.

आणि समज, सगळ्यांनी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, तरी चित्र अपुरंच राहणार. रॉबर्ट पाइक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ साली प्रयोगशाळांत झालेल्या ३,९२१ संसर्गांचा लेखाजोखा मांडला. त्यातल्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी संसर्गांमागे माहीत असलेला अपघात होता. बाकीच्यांना सुई टोचली नव्हती, अंगावर काही सांडलं नव्हतं. मग काय झालं असेल? बहुतेकदा एअरोसोल, डोळ्यांना न दिसणारे तुषार. ओलं लूप ज्योतीत धरलं की चर्र होतं ना, तो तुषार. सेंट्रिफ्यूज थांबल्या थांबल्या झाकण उघडलं, तो तुषार. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढला, तो तुषार. आपल्या पुण्याचंच उदाहरण घे. १९५७ साली शिमोग्याकडच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा विषाणू सापडला. तो शोधणारं पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची एनआयव्ही. त्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागण झाली. ती काही धांदरट माणसं नव्हती, आपल्याकडच्या सर्वात कसलेल्या हातांपैकी होती.

तर मग मोजायचं काय? अपघात मोजच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. अपघात होऊ नये म्हणून रोज जे करतो ते खरंच होतंय का, ते मोज.

ऑटोक्लेव्हपासून सुरुवात कर. तो म्हणजे आपला मोठा कुकरच. १५ पौंड दाब, १२१ अंश. आपल्या बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांत साध्या ऑटोक्लेव्हला या तापमानावर किमान ६० मिनिटं दिली आहेत. आता तूच सांग, कुकरमध्ये डाळ गच्च भरली, डब्यावर डबे चढवले, तर शिट्ट्या झाल्या तरी मधली डाळ कच्चीच राहते की नाही? तिथेही तेच. पिशव्या कोंबल्या की मधली हवा निघत नाही आणि वाफ आतपर्यंत पोचत नाही. बाहेरची टेप मात्र काळी होते आणि सगळे निश्चिंत. ती टेप फक्त एवढंच सांगते की पिशवीच्या बाहेरून गरम झालं. म्हणून स्पोअरची बाटली वापर. मात्र ती दाराशी, हाताला येईल तिथे ठेवू नकोस, सर्वात भरलेल्या पिशवीच्या पोटात घाल. मग ५५-६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेव. जांभळी राहिली तर पास, पिवळी पडली तर आतले जंतू जिवंत आहेत. आणि शेजारी ऑटोक्लेव्ह न केलेली एक बाटली हवीच. ती पिवळी झालीच पाहिजे. तीही जांभळी राहिली तर तुझी परीक्षाच खोटी. मी एका लॅबमध्ये वर्षभराच्या जांभळ्या बाटल्या मांडलेल्या बघितल्या आणि विचारलं, पिवळी कुठाय? कुणाला प्रश्नच कळला नाही.

नमुन्यातले जंतू मेलेत असं मानून तो पुढे देणं, हा त्याच खोट्या परीक्षेचा मोठा भाऊ. २०१४ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सीडीसीमध्ये, अटलांटाला, अँथ्रॅक्सचे जंतू मारून कमी सुरक्षेच्या लॅबमध्ये पाठवले. मेले की नाही हे बघायच्या प्लेट ४८ तास ठेवायच्याऐवजी २४ तासांनीच बघितल्या. काही दिवसांनी त्याच प्लेटवर वाढ दिसली, आणि सत्तराहून जास्त कर्मचाऱ्यांना लागण झाली असेल की काय, अशी धावपळ उडाली. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही. तुमच्याकडे टीबीचं कल्चर उकळून डीएनए काढायला खाली देतात ना? ते उकळणं कधी तपासलंय, हे विचार. सांगताना सगळे म्हणतील, वर्षानुवर्षं असंच करतो. ते उत्तर नाही.

दुसरं, जंतुनाशक हायपो. सकाळी एक टक्क्याचं द्रावण करतात, बादलीवर चिठ्ठी चिकटवतात, झालं. पण मूळ कॅनमधला हायपो खिडकीतल्या उन्हात पडलेला असतो, झाकण अर्धवट. त्यातला क्लोरीन उडून जातो. तुम्ही पाच टक्के समजून एकाला चार पाणी घालता, आणि मूळचाच अडीच टक्क्यांवर आलेला असला तर बादलीत अर्धाच टक्का. क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. सकाळी द्रावण करताना एकदा आणि दुपारी चारला, कुणाला न सांगता, पुन्हा एकदा बुडव. महिन्यातल्या किती दुपारी ते पुरेसं निघालं, हा तुझा आकडा.

याला किरकोळ समजू नकोस. चीनमध्ये लान्झोऊला जनावरांसाठी ब्रुसेलाची लस करणारा कारखाना होता. २०१९ च्या २४ जुलैपासून २० ऑगस्टपर्यंत तिथे बाहेर जाणाऱ्या हवेसाठी मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं. हवा नीट निर्जंतुक झाली नाही, वाऱ्याबरोबर जंतू शेजारच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेपर्यंत गेले. नोव्हेंबरमध्ये तिथली मुलं तापाने आजारी पडायला लागली, तेव्हा कळलं. पुढच्या सप्टेंबरपर्यंत ३,२४५ लोक पॉझिटिव्ह निघाले होते, आणि आकडा नंतरही वाढला. कॅनवरची एक तारीख, बाई! कारखान्यात नियम नसतील असं थोडंच आहे? तारीख बघण्याचं काम नेमकं कुणाचं, तिथे घोळ होतो.

तिसरं, माणसं. ग्लव्ह काढता येतात का, हे विचारलंस तर तेवीसही जण हो म्हणतील. तू हळदीची परीक्षा घे. घट्ट कालवलेल्या हळदीत ग्लव्ह घातलेली बोटं बुडवायला सांग आणि मग नेहमीसारखे ग्लव्ह काढायला लाव. मनगटावर, बाहीवर, पिवळं दिसलं की कळलं. मग साबणाने हात धुवायला सांग. साबण लागला की हळद लाल होते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. जिथे लाल राहिलं तिथे हात नीट धुतला गेला नाही, बहुतेकदा अंगठ्याच्या मुळाशी. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा सर्वात स्वच्छ निघाल्या आमच्या सफाईच्या मावशी, आणि सर्वात पिवळी निघाले मी. सगळे खदखदून हसले. पण त्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलायला लागले, हे लक्षात ठेव.

तशीच लस. रजिस्टरमध्ये 'लस दिली' लिहिलेलं असतं. २०१६ च्या नियमांत हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं संस्थेवर बंधनकारकच आहे. पण तीन डोस झाल्यावर अँटीबॉडी किती तयार झाल्या, ते कुणी बघतं का? दहाच्या वर टायटर असलं की संरक्षण आहे असं धरतात. तुझ्या तेवीसपैकी किती जणांचं टायटर माहीत आहे, ते मोज. आणि त्या तेवीसमध्ये कंत्राटी मावशी आणि मामा धर. पिशव्यांच्या गाठी तेच मारतात, आणि कागदावर नेमके तेच नसतात.

कॅबिनेटचं थोडक्यात सांगते. आधी तुमच्या टीबीच्या खोलीत ते खरंच बायोसेफ्टी कॅबिनेट आहे की लॅमिनार फ्लो, हे डोळ्यांनी बघ. सगळे दोन्हीला लॅमिनारच म्हणतात. साधा लॅमिनार नमुन्याला जपतो आणि हवा सरळ तुझ्या तोंडावर फेकतो. कॅबिनेट असेल तर वर्षाचं सर्टिफिकेशन कधी संपतंय ते बघ, आणि पुढच्या जाळीवर काय ठेवलंय ते मोज. पेन, वही, टिपची डबी, एकदा तर मोबाइल. त्या जाळीतूनच हवा आत ओढली जाते. ती झाकली की लाखोंचं यंत्र नुसतं कपाट.

आता नाजूक भाग. हे सगळं मोजायला लागलीस, लोक सांगायला लागले, की तुझं रजिस्टर भरणार. पहिल्या तीन महिन्यांत बारा-पंधरा नोंदी येतील. वरचे साहेब दचकतील. "तुम्ही आल्यापासून अपघात वाढले!" म्हणून आजच, एकही नोंद व्हायच्या आधी, त्यांना जाऊन सांग की आकडा वाढणार आहे, आणि तो वाढला तर माझं काम चालू आहे असं समजा. कॅनडात १ डिसेंबर २०१५ पासून परवानाधारक प्रयोगशाळांना जंतूंशी आलेला असा प्रत्येक संपर्क सरकारला कळवावा लागतो, आणि तिथली सरकारी यंत्रणा दर वर्षी त्याचा अहवाल छापते. सबंध देश आपल्या चुका छापतो, तर आपल्याला बंद खोलीतल्या वहीची कसली लाज!

आणि आकडा कधी एकटा सोडू नकोस. 'महिन्यात तीन सुया टोचल्या' याला अर्थ नाही. किती हजार वेळा रक्त काढलं, त्यात तीन? डेंग्यूच्या दिवसांत गर्दी दुप्पट असते, तेव्हाचे तीन आणि मार्चमधले तीन सारखे नाहीत.

नोंद आली की पहिला प्रश्न 'कुणी' हा विचारू नकोस. 'कुठे' आणि 'कधी' विचार. आमच्याकडे चार सुया टोचल्या, चारही बुधवारी दुपारी. चौघी वेगवेगळ्या. 'काळजी घ्या' म्हणून सर्क्युलर काढून मोकळी झाले असते. पण एका बुधवारी मी स्टूल घेऊन कलेक्शनच्या खोलीत दोन तास नुसती बसले. सुया टाकायचा पांढरा डबा बुधवारपर्यंत गळ्यापर्यंत भरलेला. कचऱ्याची गाडी गुरुवारी. दुसरा डबा स्टोअरमध्ये, आणि स्टोअरची किल्ली दोनला घरी जाणाऱ्या माणसाकडे. मुली भरल्या डब्यात सुई दाबत होत्या. किल्ली बदलली, तीन-चतुर्थांश भरला की डबा बंद करायची खूण केली, आणि डबा डावीकडच्या टेबलावरून उजव्या हाताशी आणला. सर्क्युलर काही काढलं नाही. पुढचे पाच महिने बुधवार कोरा गेला, आणि त्या कोरेपणावर मी विश्वास ठेवला, कारण सांगणारी तोंडं तोवर उघडली होती.

एका वेळी एकच बदल कर. दहा गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि लोकही दमतात. बदल केलास की महिन्याने पुन्हा मोज. ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटींचं एक पान ठेव. तीस दिवसांच्या वर किती लोंबकळतायत आणि गेल्या वेळची कोणती पुन्हा निघाली, एवढंच त्यावर. पुन्हा निघालेली त्रुटी म्हणजे गेल्या वेळी आपण कागद दुरुस्त केला, काम नाही.

आयएसओ ३५००१, डब्ल्यूएचओच्या बायोसेफ्टी मॅन्युअलची २०२० ची चौथी आवृत्ती, हे सगळं वाचशीलच. वाच. त्यांचाही जोर यावरच आहे की आधी आपल्या लॅबमधला धोका ओळखा, मग उपाय ठरवा, तपासा, सुधारा. बायोमेडिकल वेस्टच्या त्याच नियमांतला, दर वर्षी ३० जूनपर्यंत जायचा 'फॉर्म चार'सुद्धा वेळेवर पाठव. पण कागदपत्रांचं कपाट भरलेलं आहे म्हणून लॅब सुरक्षित आहे, असं मनात आणू नकोस.

आणि कुणी येऊन सांगितलं, "मॅडम, माझ्या हातून सांडलं", तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेव. ऐन वेळी तोंडातून आपल्या साहेबांचंच वाक्य निघतं, मी अनुभवलंय. माझं ठरलेलं वाक्य आहे, "बरं झालं सांगितलंस, आधी हात दाखव." मग उपचार, मग वही. आणि सात दिवसांच्या आत त्या माणसाला जाऊन सांगायचं की तुझ्या सांगण्यावरून आम्ही काय केलं. काही करता आलं नसेल तर का नाही, तेही. किती जणांना असं उत्तर वेळेत मिळालं, हाही एक आकडा, आणि मला विचारशील तर तोच पहिला.

सोमवारी नवं रजिस्टर आण. जुन्याची पानं पुढे चालवू नकोस. पहिल्या पानावर स्वतःची एक चूक लिही, तारीख-वेळ घालून. काहीतरी असेलच. परवा तूच म्हणालीस ना, ग्लव्ह घातलेल्या हाताने माझा फोन उचललास म्हणून? तेच लिही, आणि रजिस्टर टेबलावर उघडं ठेव.

माझी नोंद लिहायची राहून गेली ती राहिलीच. आईला मात्र या दिवाळीत सांगेन म्हणते. तू शेजारी बस.

— तुझी ताई